जतच्या खाणीतली काळी वाळू

साताऱ्याला निघाले तेव्हा मी खुशीत होते, हे आठवलं तरी आता स्वतःचीच चीड येते. डबा भरून घेतला होता, शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना माझ्या कामाबद्दल भाषण दिलं होतं. परत आले ती दातओठ खात.

हिंगणघाटजवळ माझा एक लहानसा कारखाना आहे. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभ्या राहतात. लोक त्या पेटवून देतात. आम्ही त्या विकत घेतो, भरडतो आणि दाबून फळ्या करतो. आमच्याकडच्या लघुउद्योजकांच्या संघटनेत गेले कित्येक महिने एकच विषय चाललाय: एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, शेजारच्या जिल्ह्यांनी मिळून तशी साखळी उभी करावी. सातारा-सांगलीकडे अशी साखळी चालू आहे असं कळलं, आणि मंडळींनी मला पाठवलं. "ताई, तुम्ही बघून या. आपल्याला जमेल का ते सांगा."

बघून आले. सांगते.

कोरेगाव

स्टेशनवर सुभेदार न्यायला आले होते. नाव मानसिंग, पण ते नाव गावात कुणाच्या तोंडी नाही. फौज सोडून जमाना झाला तरी सगळ्यांना ते सुभेदारच. मिशा पांढऱ्या झाल्यात, चाल अजून कवायतीची. माझी बॅग त्यांनी मला उचलूच दिली नाही.

"आवं ताई, वर्ध्यावरनं आलाय तुमी. आधी जेवायचं, मग कारखाना."

मी कारखान्याचा हट्ट धरला. गावाबाहेर पत्र्याची शेड, पुढे मोठं अंगण, आणि अंगणभर ओळीने रचलेले फरसबंदीचे ठोकळे, ज्यांना सगळेजण पेव्हर ब्लॉक म्हणतात. त्यांची गंमत अशी की त्यांत नदीची वाळू नाही. ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाचा रस वाळूच्या साच्यांत ओततात. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरून जळते, काळी पडते, मग साच्याला धरत नाही. कारखान्याला ती अडगळ होते. सुभेदार ती तिथूनच चाळून आणतात, त्यात साखर कारखान्याच्या बॉयलरची राख आणि सिमेंट घालतात आणि ठोकळे पाडतात. ताजे ठोकळे ओले राहावेत म्हणून त्यांच्यावर भिजवलेली पोती पसरतात. ती पोती सांगलीच्या हळदबाजारातली जुनी. फाटून चिंध्या झाली की तीच शेतात आच्छादनाला जातात.

मी त्या अंगणात लहान मुलीसारखी फिरले. ठोकळे उचलून पाहिले, एकावर एक आपटून पाहिले. पोत्यांवर पाणी मारणाऱ्या बायका मला हसत होत्या. तीन वेगळ्या धंद्यांची टाकलेली वस्तू एका अंगणात येते आणि त्यातून गावोगावचे रस्ते होतात! सभांमधून ज्यावर नुसतं बोललं जातं ते इथे पायाखाली होतं.

जेवायला वहिनींनी वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. आमच्याकडे घेवडा म्हणजे शेंगांची भाजी. इथे त्याचे लाल पट्ट्यांचे दाणे शिजवून दाट आमटी करतात, आणि ती ज्वारीच्या भाकरीबरोबर अशी लागते की मी तिसऱ्यांदा वाढून घेतली. शेजारी हिरव्या मिरचीचा खर्डा होता.

"जपून घ्या ताई, लय तिकाट हाय," वहिनी म्हणाल्या.

"विदर्भाच्या बाईला तिखटाची भीती घालता?" असं म्हणून मी मोठा घास घेतला. पुढचा बराच वेळ मला बोलता आलं नाही. सुभेदारांनी तोंड फिरवून घेतलं, पण त्यांचे खांदे हसत होते.

कारखाना

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ओतकामाच्या कारखान्यात गेलो. त्याचं नाव आणि गाव मी लिहीत नाही. साखळीतला तो मोठा भागीदार. तिथल्या पर्यावरण विभागाचे साहेब पस्तिशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं. त्यांनी आम्हाला गार खोलीत बसवलं आणि भिंतीवर नकाशा दाखवला. नकाशावर हिरवे बाण. एक बाण कोरेगावला सुभेदारांकडे, एक साखर कारखान्याकडून, एक सांगलीकडून. आणि एक लांबलचक बाण थेट जतला. त्यावर लिहिलं होतं: भूसुधारणा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सुभेदारांना चाळून चांगली वाळू जाते, मॅडम. खाली बारीक भुकटी उरते, ती ठोकळ्यात चालत नाही. जतला एक जुनी दगडखाण आहे. ती आपण भरून देतो. येताना तेच डंपर खडी घेऊन येतात, म्हणजे फेरी रिकामी नाही. काहीच वाया जात नाही."

"मला बघायचंय."

"तिथं बघण्यासारखं काही नाही हो. लांब आहे, ऊन आहे. त्यापेक्षा आमची बाग बघा, सगळी ठिबकवर आहे."

बाग बघितली. बाग सुंदर होती. बाहेर आल्यावर मी सुभेदारांना विचारलं, "तुम्ही गेलायत कधी त्या खाणीवर?"

ते गाडीचं दार धरून थांबले. "न्हाई ताई. मला वाटायचं उरलेलं ईटभट्टीला जातंय. कवा इचारलंच न्हाई." मग दार उघडत म्हणाले, "तसंबी उद्या सांगलीला पोती आणायला जायचं हाय. तिथनं फुडं जाऊ की."

सांगली

वाटेत उसाच्या जोडट्रॉल्या. आमची पिकअप त्यांच्या मागे रांगत होती. सांगलीत शिरल्यावर हळदीचा वास आधी नाकात आणि मग घशात बसला.

रशीदाभाभींचं पोत्यांचं गोदाम बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पन्नाशीच्या बाई, डोक्यावरून पदर, चष्मा नाकाच्या टोकावर. सासऱ्यांचा धंदा नवऱ्याने चालवला, नवऱ्यामागे त्या चालवतात. पोतं झटकायचं, उजेडात धरायचं, भोकं पाहायची आणि दाभणाने शिवणाऱ्या बायकांकडे टाकायचं. कांद्याचं पोतं वेगळं, हळदीचं वेगळं. मी त्यांना आमच्या संघटनेतला मोठा शब्द सांगितला, साखळी वगैरे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडं याला बारदानाचा धंदा म्हणत्यात, ताई. भडंग खावा."

भडंग खाल्लं. लसणाचे तुकडे कुरकुरीत, शेंगदाणे भरपूर. आमच्याकडच्या चिवड्याला उगाच मान देत होते असं वाटलं.

आम्ही जतला निघालोय म्हटल्यावर भाभी उठल्याच. "माझं माहेर हाय तिथं. तुमाला कानडी येतंय का? न्हाई ना? मग मी येते. भावाकडं मुक्काम करू." आणि खरोखर, पिशवी घेऊन त्या पिकअपमध्ये बसल्या.

जत

मिरज मागे पडलं तशी हिरवळ विरळ होत गेली. द्राक्षबागा संपल्या, मग मोकळी जमीन, बाभळी, मध्येच शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, रान. पाण्याच्या टँकरच्या चाकांनी रस्त्याकडेला खोल चाकोऱ्या पाडलेल्या. मला हा मुलूख आवडला. नजरेला कुठे अडथळा नाही. पाट्या मराठीत, गप्पा कानडीत, आणि एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. भाभींच्या भावजयीने पातळ कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक दिलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. तिथे आधी पाण्याचा तांब्या देतात, आणि तो दोन्ही हातांनी देतात. जिथे पाणी विकत येतं तिथे त्याचा अर्थ मला लगेच कळला.

सकाळी खाणीवर गेलो.

लांबूनच वास आला. जळक्या डिंकाचा, आणि त्यात दवाखान्याची फरशी पुसतात त्या औषधाचा. जवळ गेलो तर अर्धी खाण काळ्या भुकटीने भरलेली. वारा आला की तिचा पडदा उठायचा आणि शेजारच्या शाळूवर बसायचा. कणसं काजळलेली. खाणीच्या उरलेल्या अर्ध्या भागात पाणी होतं, आणि पाण्यावर रंगीत साय.

भूसुधारणा! हा शब्द ज्याने त्या नकाशावर लिहिला, त्याला त्या काठावर दिवसभर उन्हात उभं करावं असं मला वाटलं. आजही वाटतं.

काठाशी एक बाई काठी आडवी धरून मेंढ्या मागे हटवत होती. त्या भागातल्या उंच मेंढ्या, पोपटासारख्या बाकदार नाकाच्या. भाभींनी कानडीत हाक मारली. बाईचं नाव नागव्वा. आधी तिने आमच्याकडे संशयाने पाहिलं, मग भाभींचं माहेर कोणतं हे कळल्यावर ती जवळ आली. बोलायला लागली ती मराठीतच, मध्ये मध्ये कानडी.

"पावसाचं नीरू हितं साठतंय, अक्का. उन्हाळा येईपतोर कुरीला, ह्या मेंढरांस्नी, पुरत हुतं. गावात टँकर येतोय, त्यो माणसास्नी. मेंढरांना कोण टँकर देतंय?"

"आणि आता?"

"आता वास मारतंय. तोंड लावत न्हाईत. तहानंनं ज्यांनी लावलं त्यातली कोकरं गेली माजी." तिने काठी जमिनीवर आपटली. "रोज वरडते मी. डायवर म्हनतोय, खाणीच्या मालकानं परवानगी दिलीया. मालक ऱ्हातोय शेरात. त्याला काय, त्याची खाण भरून मिळतीया."

कोकरं कशाने गेली हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या पाण्यात मी बोट बुडवलं नसतं.

आम्ही बोलत होतो तोच मातीच्या रस्त्यावर धूळ उठली. दोन डंपर. पुढचा आमच्यापाशी थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. ओळखीचं हसला.

"रामराम सुभेदार! तुमी हितं कसं काय?"

सुभेदारांचा चेहरा मी पाहत होते. तो हळूहळू उतरत गेला. हाच ड्रायव्हर, हाच डंपर, त्यांच्या अंगणात वाळू आणून टाकायचा.

"तू हे हितं आणतुयास?"

"मग? चाळलेलं तुमच्याकडं, खालचं हिकडं. साहेब सांगतील तिकडं वतायचं आमी."

नागव्वाला सगळं कळलं होतं. ती सुभेदारांपुढे येऊन उभी राहिली. वयाने त्यांच्यापेक्षा बरीच लहान, उंचीने त्यांच्या खांद्याएवढी.

"म्हंजी चांगलं तुज्या दारात, आनि घाण माज्या?"

मला सुभेदारांसाठी काहीतरी बोलायचं होतं, की यांना माहीत नव्हतं, हे भले माणूस आहेत. पण तिचा प्रश्न खरा होता.

मग सुभेदार ड्रायव्हरकडे वळले. "गाडी फिरव गड्या."

"सुभेदार, वतल्याबिगर फेरी धरत न्हाईत. माझ्या पोटावर का मारताय?"

"फिरव म्हनतोय न्हवं! जिथनं भरलीस तिथंच न्यायची. मी म्होरं चालतो, काय बोलायचं ते मी बोलीन."

ड्रायव्हर घुटमळला. नागव्वाने वाट पाहिली नाही. तिने तोंडाने एक बारीक आवाज काढला आणि मेंढ्या खाणीच्या वाटेवर येऊन पसरल्या. डंपरच्या पुढच्या चाकाला एक मेंढी अंग घासत उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मेंढीने मान वर केली आणि परत खाली घातली. शेवटी तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत मागे सरकला आणि दोन्ही डंपर वळले.

मी भाभींना हळूच म्हटलं, "सुभेदारांची वाळू बंद होईल."

"व्हईलच की," भाभी म्हणाल्या. "त्यांना काय कळंना व्हय?"

नागव्वा कळप नवऱ्याच्या हवाली करून आमच्याबरोबर निघाली. लुगड्याचा पदर खोचून ती पिकअपमध्ये मागे बसली, आणि आत या म्हटलं तर नको म्हणाली. तिला डंपर डोळ्यांसमोर ठेवायचे होते.

पुन्हा कारखाना

तिथे पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, पण उजेड होता. सुभेदारांनी दोन्ही डंपर फाटकापुढे आडवे लावून घेतले. बाहेरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अडल्या, भोंगे सुरू झाले. साहेब धावतच बाहेर आले.

"सुभेदार, हे काय? आत या, चहा घेऊ. असं फाटकावर नको."

"चहा नगं साहेब. तुमचा माल तुमच्या आवारात घ्या."

"अहो, पण ते नियमात बसवून..."

तोवर मी जेमतेम गप्प होते. आता राहवेना. "नियमात? तुम्ही पाहिलीय ती खाण? एकदा तरी गेलायत? तिथे मेंढ्या पाणी पितात!"

साहेब माझ्याकडे वळले, आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेरच्या आहात. जत म्हणजे ओसाड माळ हो. तिथं टाकलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

ते वाक्य मी विसरणार नाही. तो माणूस दुष्ट नव्हता, हीच तर संतापाची गोष्ट. त्याने मनापासून सांगितलं. त्याच्या नकाशावर तिथे कुणी नव्हतंच. पाऊस कमी पडतो, ऊस नाही, बंगले नाहीत, म्हणजे ती जागा रिकामी. आमच्या विदर्भातली औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेने पांढरी पडलेली गावं मी पाहिलीत. तिथेही असलंच गोड बोलणं असतं. जिथली माणसं आधीच तहानलेली आहेत, तिथेच नेऊन टाकायला सगळ्यांना धीर होतो.

नागव्वाने भाभींना कानडीत काहीतरी विचारलं. "ओसाड" म्हणजे काय, असं. भाभींनी सांगितलं. ऐकून ती साहेबांच्या समोर गेली. ओरडली नाही.

"मी तिथं ऱ्हाते," ती म्हणाली. "माजी सासू तिथं ऱ्हाते. माजी मेंढरं तिथं ऱ्हात्यात. ये तू. भाकरी घालते. बघून जा."

मागे ट्रॉलीवाले शिव्या द्यायला लागले होते. फाटकावरचा पहारेकरी, तोही कधीकाळी फौजेत होता असं नंतर कळलं, त्याने सुभेदारांकडे पाहिलं आणि फाटक पूर्ण उघडलं. डंपर आत गेले. भुकटी त्या सुंदर बागेच्या कडेला ओतली गेली. वाऱ्याने ती गुलाबांवर उडाली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर

सुभेदारांची वाळू दुसऱ्याच दिवशी बंद झाली. मी अजून त्यांच्या घरीच होते. अंगणातलं यंत्र गप्प होतं आणि कामावर आलेल्या बायका पोत्यांवर नुसत्या बसून होत्या. वहिनी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "ह्या बायांनी काय घोडं मारलंय कुनाचं?" सुभेदार खाली मान घालून जेवत होते. मग त्याच म्हणाल्या, "पर केलंत ते बरं केलंत. त्या बाईनं इचारल्यावर दुसरं काय करनार हुता?"

मार्ग भाभींनी काढला. त्यांची पोती सांगलीकडच्या बऱ्याच कारखान्यांत जातात. त्यांनी ओळखीच्या दोन ओतकामवाल्यांना फोन लावले. सुभेदारांनी अट घातली की चांगली वाळू नेईन, पण खालची भुकटी कुठे जाते ते आधी मला तिथे नेऊन दाखवायचं. एकाने फोन ठेवून दिला. दुसऱ्याने नेऊन दाखवलं. त्याने भुकटीसाठी आवारातच खाली फरशी आणि वर छप्पर केलं होतं, आणि तिथून ती रीतसर विल्हेवाटीला जात होती. महाग पडतं, असं तो कुरकुरला, पण दाखवलं. सुभेदारांचं यंत्र पुन्हा चालू झालं. पूर्वीइतकं नाही.

जतला आता डंपर येत नाहीत. गावाने ओरड केल्यावर वरची बरीच भुकटी उचलून नेली. खालची तिथेच आहे, आणि पाणीही तसंच. नागव्वाच्या मेंढ्या आता लांबच्या तळ्यावर जातात. भाभींकडून मला हे कळतं. त्या फोनवर बोलतात आणि मधूनच म्हणतात, "साहेब काय भाकरी खायाला गेले न्हाईत अजून."

घरी आल्यावर संघटनेची बैठक झाली. सगळे खुशीत होते, मी काय आणलं ते ऐकायला. मी ठोकळ्यांचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग खाणीचं सांगितलं, आणि विचारलं, "आपलं जे कुणालाच नकोय, ते कुठे जातं?"

"तो वेगळा विषय आहे, ताई," अध्यक्ष म्हणाले.

"तोच विषय आहे!" मी टेबलावर हात आपटला. चहाचे कप हलले. मग कापड रंगवण्याचा कारखाना असलेले एक सदस्य, आमच्यातले सगळ्यात शांत, खाली पाहत म्हणाले, "नाल्याच्या पलीकडे."

"पलीकडे कोण राहतं?"

त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. गावाचं नाव एकालाही सांगता येईना, आणि त्यातल्या बहुतेकांचा जन्म याच तालुक्यातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नाला ओलांडल्यावर एका पानटपरीपाशी गाडी थांबवली आणि पुढच्या गावाचं नाव विचारून घेतलं.